हॉवर्थचा पाऊस आणि विहिरीचं पाणी

इअरफोन लावलेत? आज आपण पावसात चालायला जाणार आहोत, पण सह्याद्रीत नाही. इंग्लंडच्या उत्तरेला, यॉर्कशरमधल्या हॉवर्थ गावात.

'वदरिंग हाइट्स' ऐकलंय ना? 1847 मध्ये आलेली ती कादंबरी लिहिणारी एमिली ब्राँटे इथलीच. बहिणी शार्लट आणि अ‍ॅन, त्याही लेखिका. वडील पॅट्रिक गावच्या चर्चचे पाद्री. आजही लोक गावाबाहेरच्या माळावर, ज्याला तिथे मूर म्हणतात, चालत जातात. वाटेत छोटा धबधबा, दगडी पूल आणि वर टॉप विदेन्स नावाचं पडकं शेतघर. कादंबरीतलं घर हेच, असं मानून लोक फोटो काढतात. गंमत म्हणजे तिथल्याच पाटीवर लिहिलंय की हे घर धड होतं तेव्हाही कादंबरीतल्या घरासारखं नव्हतं! तरी लोक भिजत जातातच. मीही जाईन, पाटी वाचूनसुद्धा.

पण मला बोलायचंय ते गावातल्या पावसाबद्दल. हॉवर्थ उतारावर आहे. वरच्या अंगाला चर्च आणि दफनभूमी, खाली मेन स्ट्रीट. आता विचार करा, पाणी कुठून कुठे जाणार?

1849 साली पॅट्रिक ब्राँटेंनी लंडनच्या आरोग्य मंडळाकडे तक्रार केली की गावात शुद्ध पाणी नाही, गटारं नाहीत. त्याआधीच्या काही महिन्यांतच त्यांची तीन मुलं गेली होती. ब्रॅनवेल आणि एमिली 1848 मध्ये, अ‍ॅन 1849 च्या मे महिन्यात. अशा घरातला म्हातारा माणूस गावाच्या गटारांसाठी पत्रं लिहीत बसला होता, हे मला कुठल्याही कादंबरीपेक्षा मोठं वाटतं.

1850 मध्ये बेंजामिन हर्शेल बॅबेज नावाचे इंजिनिअर पाहणीला आले. हो, कॉम्प्युटरवाल्या चार्ल्स बॅबेजचे चिरंजीव! त्यांचा अहवाल वाचताना पोटात ढवळतं. अख्ख्या गावाला 69 संडास. रस्त्याकडेला शेणाचे, घाणीचे ढीग. घरातच लोकर विंचरायचं काम चालायचं. त्यासाठी शेगडी पेटती आणि खिडक्या बंद. दफनभूमीत थडग्यांवर आडव्या फरशा टाकलेल्या, त्यामुळे वर काही उगवत नाही आणि खाली काही नीट कुजत नाही. त्यात हा पाऊस.

आकडा ऐका: गावातलं मृत्यूचं सरासरी वय 25.8 वर्षं. थांबा, याचा अर्थ सगळे पंचविशीत मरायचे असा नाही हं. 41.6 टक्के लोक सहा वर्षांचे व्हायच्या आतच जायचे, म्हणून सरासरी एवढी खाली. जे लहानपण पार करायचे त्यातले काही म्हातारेही व्हायचे. खुद्द पॅट्रिक 84 वर्षं जगले.

आणखी एक. या पाण्यानेच ब्राँटे भावंडं गेली असं सरसकट बोललं जातं. पण एमिली आणि अ‍ॅनला क्षय होता, म्हणजे टीबी. पाण्याने टीबी होत नाही. पाण्याचा मार बसला तो ज्यांची नावं कुणाला माहीत नाहीत अशा विणकरांच्या, लोकर विंचरणाऱ्यांच्या पोरांना.

बरं, अहवाल आला आणि लगेच नळ आले का? छे! ज्यांच्या घरी स्वतःचं पाणी होतं त्यांनी विरोध केला. पट्टी वाढेल ना! आपल्या सोसायटीची मीटिंग आठवली की नाही? पॅट्रिक मात्र पत्रं लिहीत राहिले. 1855 मध्ये शार्लटही गेली. सहा मुलांपैकी एकही मागे उरलं नाही.

आज त्या दफनभूमीत उंच झाडं दिसतात. ती नंतर मुद्दाम लावलेली आहेत. माळावर निघण्याआधी त्यांच्याखाली थोडं थांबा आणि थडग्यांवरची वयं वाचा. फरशा ओल्या असतात, जपून पाय टाका.