प्रवाशाचा परतावा



कर या विषयावरील व्याख्यान ऐकण्यास उन्हाळ्याच्या सायंकाळी इतकी मंडळी स्वखुशीने जमली आहेत, यावरून या व्याख्यानमालेच्या श्रोतृवर्गाच्या सहनशीलतेची जी ख्याती आहे ती निराधार नाही, असे मानावयास हरकत नाही. परदेशी गेलेला प्रवासी तेथील दुकानांत जो विक्रीकर भरतो, तो देश सोडताना त्यास पुष्कळ ठिकाणी परत मिळतो, ही गोष्ट आता आपल्याकडील मध्यमवर्गीय घरांतही ठाऊक झाली आहे; परंतु तो का मिळतो, याविषयी सार्वत्रिक समजूत अशी की, पाहुण्याने आपल्या बाजारात चार पैसे अधिक खर्चावेत म्हणून यजमान सरकारने दाखविलेले ते एक आमिष आहे. ही समजूत मला मान्य नाही.

मूल्यवर्धित कराची पद्धत फ्रान्समध्ये मोरिस लोरे या अधिकाऱ्याच्या योजनेवरून 1954 साली अमलात आली व पुढे जगभर पसरली. आज ती ज्या तत्त्वावर चालते ते असे की, मालाचा उपभोग ज्या देशात व्हावयाचा त्याच देशाच्या खजिन्यात त्यावरील कर जमा व्हावा. म्हणून निर्यात होणाऱ्या मालावरचा कर उतरविला जातो. जहाजभर माल नेणारा व्यापारी आणि पेटीत अत्तराची एक कुपी नेणारा प्रवासी हे या तत्त्वापुढे सारखेच निर्यातदार होत. हॉटेलचे भाडे किंवा उपाहारगृहातील भोजन यांवरील कर पर्यटकास परत मिळत नाही तो याच कारणाने, की त्यांचा उपभोग तेथेच आटोपलेला असतो. केवळ पाहुण्यास खूष करावयाचे असते, तर जेवणावरील कर आधी सोडला असता. ज्यांनी आपल्याकडील जकात नाके पाहिले आहेत (मुंबईत तर ते 1 जुलै 2017 रोजी वस्तू व सेवा कर येईपर्यंत होते) त्यांस यात नवे काही वाटणार नाही. शहरात आलेला माल पुन्हा शहराबाहेर गेला, की भरलेल्या जकातीचा परतावा मागण्याची मुभा तेव्हाही असे, आणि तो पदरात पडेपर्यंत किती खेटे घालावे लागत, हे व्यापारी मंडळींस विचारावे.

खेटे पॅरिसमध्येही आहेत; फक्त ते यंत्रासमोर घालावयाचे असतात. एका दुकानात शंभर युरोंहून अधिक खरेदी झाली, तर दुकानदार पारपत्र पाहून एक कागद करून देतो. तो विमानतळावरील सीमाशुल्क खात्याच्या ‘पाब्लो’ नामक यंत्रापुढे धरला की पडद्यावर मंजुरी उमटते, न उमटल्यास अधिकाऱ्यासमोर उभे राहावे लागते. अधिकाऱ्याने माल दाखवा म्हटले, तर तो हाताशी असावा लागतो. म्हणून अनुभवी प्रवासी सामान विमान कंपनीच्या हवाली करण्यापूर्वीच हा सोपस्कार उरकतो. पॅरिसात घेतलेला शेला घेऊन कोणी रोमला गेला व तेथून स्वदेशी परतला, तर दाखला रोमच्या विमानतळावर घ्यावयाचा. युरोपीय संघाची वेस जेथे ओलांडली तेथेच निर्यात घडली. खरेदीच्या महिन्यानंतर तीन महिन्यांची मुदत आहे.

एवढे करून हाती काय येते? कराचा दर वीस टक्के, म्हणून प्रवासी मनातल्या मनात किमतीचा पाचवा हिस्सा मोजू लागतो. परंतु तो दर मूळ किमतीवर असल्यामुळे, बाराशे युरोंच्या वस्तूत कराचे दोनशेच असतात. त्यांतून परताव्याचा व्यवहार चालविणाऱ्या कंपन्यांचे दस्तुरीवजा शुल्क वजा होते, आणि पुष्कळ दुकानांतून हातावर पडते ते किमतीच्या बारा टक्क्यांच्या आसपास, म्हणजे एकशे चव्वेचाळीस. सरकारने सोडलेल्या कराचा चौथाईहून अधिक हिस्सा मध्यस्थांच्या पदरी जावा, ही गोष्ट मला तरी समर्थनीय वाटत नाही.

जपानने निराळी वाट धरली होती. तेथे उपभोग कर 1989 साली तीन टक्क्यांनी सुरू होऊन 2019 साली दहावर आला. पण किमान पाच हजार येनांची खरेदी करणाऱ्या परकीय पाहुण्याकडून दुकानदार तो मुळातच घेत नसे, आणि मिठाई, प्रसाधने असला खपून जाणारा जिन्नस पारदर्शक पिशवीत मोहोरबंद करून देई, ती देश सोडीपर्यंत फोडावयाची नाही एवढीच अट. या विश्वासाचा लाभ घेऊन काहींनी करमुक्त मालाचे ढीग उचलले व ते जपानातच विकले. तेव्हा आधी कर भरा, माल देशाबाहेर गेल्याचे सिद्ध करा, मग परतावा घ्या, अशी युरोपासारखी व्यवस्था आणण्यासाठी तेथील सरकारने 1 नोव्हेंबर 2026 ही तारीख मुक्रर केली. माल बाहेर गेलाच नाही, तर परताव्याचा हक्कही उपजत नाही, हेच यातून दिसते.

ब्रिटनने मात्र हा हक्क आमिष समजून हिशेबात धरला व 1 जानेवारी 2021 पासून काढून घेतला. 2022 च्या सप्टेंबरात एका अर्थमंत्र्याने तो परत देण्याची घोषणा केली आणि पुढल्याच महिन्यात त्यांच्या जागी आलेल्यांनी ती मागे घेतली. गंमत अशी की, त्याच राज्यातील उत्तर आयर्लंडमध्ये, तेथील मालास युरोपीय नियम लागू असल्यामुळे, परतावा चालूच आहे. लंडनमध्ये न मिळणारी गोष्ट बेलफास्टमध्ये मिळते.

परताव्याच्या या हक्काला दुसरी बाजू आहे, आणि ती आपल्या प्रवाशांस फारशी रुचत नाही. तेथील सरकार कर सोडते ते येथील सरकारने तो घ्यावा म्हणून. भारतात परतणाऱ्या रहिवाशास 2016 च्या नियमांनी 50,000 रुपयांपर्यंतचा माल शुल्काविना आणण्याची मुभा दिली होती. मर्यादेपलीकडचा माल घेऊन जो विमानतळावर, शुल्कपात्र काही नाही असे सांगणाऱ्यांसाठी असलेल्या हिरव्या मार्गाने निमूट बाहेर पडतो, त्याने परतावा निर्यातदार म्हणून घेतला आणि आयातदार होण्याचे मात्र नाकारले, असेच म्हणावे लागेल.

आणि आपले सरकार? 2017 च्या एकात्मिक वस्तू व सेवा कर अधिनियमात कलम 16 अन्वये निर्यात मालावर शून्य कर आहे. येवल्याचा व्यापारी शंभर पैठण्या परदेशी पाठवील, तर त्यांवर कराचा भार राहत नाही. त्याच पेढीवर सहा महिन्यांच्या आत परत जाणारी परकीय स्त्री, किंवा परदेशी स्थायिक झालेली एखाद्या मराठी घरातली लेक, एक पैठणी विकत घेते, तेव्हा तिच्याकडून पाच टक्के घेतले जातात व ते परत मिळत नाहीत. तिच्यासाठीही तरतूद आहे, आणि ती दूर शोधावी लागत नाही. लगतच्याच कलम 15 मध्ये परतावा स्पष्ट शब्दांत लिहिलेला आहे. फक्त ते कलम अद्याप अमलात आणलेले नाही.