दोघांच्या सहलीतली तिसरी

आम्ही दोघी जावा बोलतोय. आमचं घर मालवण तालुक्यात, समुद्राच्या अगदी काठाला. घरामागे माडांची बाग आहे आणि बागेत एक मांगर. घाटावरच्या मैत्रिणींना मांगर म्हणजे काय ते सांगायला हवं. गवत, पेंढा, शेतीची अवजारं ठेवायला घरापासून थोडं लांब बांधलेलं साधं कौलारू घर, त्याला आमच्याकडे मांगर म्हणतात. आमचा मांगर पडायला आला होता. बारा वर्षांपूर्वी आम्ही त्याच्या भिंती लिंपून घेतल्या, जमीन सारवली, मागे न्हाणीघर आणि संडास बांधला आणि पाहुण्यांना राहायला द्यायला लागलो. खाट, मच्छरदाणी, पंखा आणि पडवीत एक झोपाळा, एवढंच सामान.

या मांगरात बहुतेक जोडपी येतात. काही नवीन लग्न झालेली, पण जास्त करून पंधरा-वीस वर्षं संसार झालेली, पहिल्यांदाच दोघं दोघं बाहेर पडलेली. आजचं बोलणं त्यांच्यासारख्यांसाठी, आणि ज्यांचं जायचं जायचं म्हणून राहून गेलंय त्यांच्यासाठी.

आधी कधी यायचं ते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा सगळ्यात चांगली. पहाटे गारवा असतो, दुपारी फार उकडत नाही. नाताळ आणि नवीन वर्षाचा आठवडा मात्र टाळा. तेव्हा किनाऱ्यावर जत्रा असते आणि भाडंही वाढतं. एप्रिल-मेमध्ये आंबे, काजू, फणस मिळतात, पण घामाच्या धारा लागतात. पावसाळ्यात कोकण हिरवंगार दिसतं, पण समुद्र खवळलेला असतो. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या बंद असतात. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते, म्हणजे ताजी मासळीही कमी. नुसतं पडवीत बसून पाऊस बघायचा असेल तर मात्र जरूर या, तेव्हा गर्दी नसते.

महिना ठरला की तिथी बघा. आम्ही किनाऱ्यावरची माणसं भरतीची वेळ बोटांवर काढतो. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची, साधारण त्या वाजता भरती. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला पाणी भरलेलं. भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी. आता याचा उपयोग काय? संध्याकाळी हातात हात घालून वाळूवर फिरायचं मनात असेल आणि तुम्ही अष्टमीला आलात, तर नेमकं त्या वेळी पाणी वर आलेलं असतं आणि फिरायला चिंचोळी पट्टी उरते. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास भरती अकरा-बाराच्या सुमारास येऊन जाते आणि पाच-सहा वाजता पाणी लांब गेलेलं असतं. ओली घट्ट वाळू, चालायला सुख. पौर्णिमा असेल तर वर चांदणं. मात्र त्या दिवसांत उधाण असतं, पाण्याला ओढ फार. फिरा, पाय भिजवा, पण पोहायला उतरू नका. आणि नदी जिथे समुद्राला मिळते तिथे तर कोणत्याच तिथीला उतरू नका.

प्रवासाचं म्हणाल तर आमच्याकडे यायला कुडाळ, सिंधुदुर्ग नाहीतर कणकवली स्टेशनवर उतरायचं. रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी सुरू होतं, त्याच दिवशी तिकीट काढलेलं बरं. कोल्हापूरकडून गाडीने येणार असाल तर घाट चालू आहे का ते निघण्याआधी विचारून घ्या.

आता राहण्याचं. साध्या घरात राहायचं ठरवलंत तर फोनवर संकोच न करता सगळं विचारा. संडास खोलीला लागून आहे की बाहेर? कमोड आहे का? गुडघेदुखी असेल तर हा प्रश्न सगळ्यात आधी. वीज गेली तर पंखा चालतो का? गरम पाणी बंबाचं की गिझरचं? जेवण भाड्यात धरलंय का? शाकाहारी असाल तर भांडी वेगळी ठेवतात का? मोबाईलला रेंज येते का? आणि समुद्र 'समोर' म्हणजे किती समोर? चालत दोन मिनिटं की वीस? पर्यटन खात्याकडे न्याहारी-निवास म्हणून नोंदणी आहे का, तेही विचारा. दोघांची ओळखपत्रं बरोबर ठेवा. विजेरी, डासांचं मलम, रोजची औषधं आणि वाळूत चालतील अशा चपला आणा. बाकी काही लागत नाही.

हे झालं सामानाचं. पण बारा वर्षांत आम्हाला जे दिसलं ते या यादीत बसणारं नाही.

येणाऱ्या बाईला आम्ही पहिल्या सकाळी चहा नेऊन देतो, तेव्हा ती दचकून उठते. "अहो वहिनी, तुम्ही कशाला? मी आले असते," म्हणते. मग हळूच स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहते, काही चिरून देऊ का विचारते. नवरा झोपाळ्यावर बसलेला असतो. ती फोनवर असते, "डाळ फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात आहे. आजीची गोळी जेवणाआधीची. दूधवाल्याला सांगितलंय." समुद्रावर जाऊन आली तरी तेच. अंग इथे आलेलं असतं, मन घरी ओट्यापाशी. दोन दिवस संपतात, आणि निघताना ती म्हणते, "आता कुठे जरा बरं वाटायला लागलं होतं."

आम्ही हे बघायचो आणि पाठीमागे थोडं हसायचोही. एकदा सांगलीकडच्या एका ताई जाताना म्हणाल्या, "तुमचं बरं आहे, रोज समुद्र!" त्या रात्री भांडी घासताना आम्ही दोघींनी हिशोब केला. थोरलीच्या लग्नाला बावीस वर्षं झाली होती, धाकटीच्या सतराला. आपापल्या नवऱ्याबरोबर, दुसरं कोणी सोबत नसताना, एकीनेही एक रात्र कुठे बाहेर काढली नव्हती. लग्न, बारसं, दवाखाना, देवदर्शन, सगळीकडे गेलो होतो, पण कायम गाडीभर माणसांबरोबर. आणि घरापुढचा समुद्र? तो आम्ही कपडे वाळत घालताना बघत होतो.

मग लक्षात आलं की आमच्याकडे येणाऱ्या बाईला जे जमत नाही, ते आम्हाला जमू शकतं. कारण आम्ही दोघी आहोत. एकीनं जायचं, दुसरीनं घर धरायचं.

ठरवणं सोपं होतं, बोलणं अवघड. सासूबाईंना सांगायचं कसं? मुलं मोठी झाल्यावर, केस पांढरे व्हायला लागल्यावर, नवऱ्याबरोबर फिरायला जाते म्हणायचं? आठ दिवस आम्ही एकमेकींना ढकलत होतो, तू सांग, तू सांग. शेवटी माजघरात नारळ खवताना थोरलीनं सांगून टाकलं. सासूबाई थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "जावा गो. आमका कोणी जा म्हणाक नाय." म्हणजे, जा तुम्ही, आम्हाला कधी कोणी जा म्हटलंच नाही. त्यानंतर त्या नारळ खवत राहिल्या. आम्हाला मात्र खवणी पुढे दिसेना.

पैशासाठी आम्ही एक डबा केला. मांगराच्या प्रत्येक बुकिंगमागे शंभर रुपये त्यात. हिवाळा संपेपर्यंत दोघींच्या दोन रात्रींचं भाडं, जेवण आणि प्रवास निघेल एवढे जमले. या पैशाला दुसऱ्या कशासाठीही हात लावायचा नाही, फीसाठीही नाही, असं ठरवलं होतं आणि पाळलं.

आधी थोरली गेली. वेंगुर्ल्याच्या बाजूला ओळखीच्या एका बाईंचा असाच मांगर आहे, तिथे. पहाटे पाचला जाग आली आणि पाय आपसूक चुलीकडे वळले. त्या बाई म्हणाल्या, "वयनी, तुमी पाहुणे. बसा." बसली, पण बसायचं कसं ते कळेना! पहिला दिवस दोघांनी पंप बिघडलाय, मुलाची फी भरायचीय, कौलं परतायचीयत, एवढंच बोलून काढला. संध्याकाळपर्यंत तेही विषय संपले. त्यापुढची शांतता भीतीदायक होती, असं थोरली सांगते. आपल्याकडे घर सोडून बोलायला काहीच नाही की काय?

मैत्रिणींनो, ही भीती पुष्कळ जणींना असते, म्हणून मुद्दाम सांगतोय. ती शांतता आली की लगेच मोबाईल उघडू नका. ती थोडी जाऊ द्या. दुसऱ्या दिवशी वाळूवर बसलेले असताना थोरलीच्या यजमानांनी विचारलं, "तुका काय व्हया?" तुला काय हवंय? त्यांना बहुतेक शहाळं की चहा, एवढंच विचारायचं असावं. पण हा प्रश्न बावीस वर्षांत कोणी विचारला नव्हता, आणि थोरलीला उत्तर येईना. संध्याकाळी तिनं सांगितलं, "मला स्कूटर शिकायचीय. बाजारात जायला कोणाची वाट बघायची नाही." ते हसले नाहीत. आज थोरली मालवणच्या बाजारातून मासळी स्वतः आणते.

धाकटीचं असं गोड झालं नाही, तेही सांगायला हवं. तिचे यजमान पहिला सगळा दिवस फोनवर. पाहुणे, बुकिंग, गाडी. रात्री कडाक्याचं भांडण झालं. धाकटीनं सकाळी फोन केला, आम्ही परत येतो. थोरली म्हणाली, "हय तुझा काय्येक काम नाय. उद्याच ये." इथे तुझं काही काम नाही, उद्याच ये. राहावं लागलं. मग पैशाचं, कर्जाचं, कोण किती राबतं याचं, घरात भिंतींना ऐकू जाईल म्हणून वर्षानुवर्षं गिळलेलं सगळं त्या किनाऱ्यावर बाहेर पडलं. सिनेमातल्यासारखं काही झालं नाही. पण परतल्यावर कर्जाची वही दोघं मिळून लिहायला लागले. आम्ही तरी त्याला प्रेमच म्हणतो.

तर मैत्रिणींनो, दोघांच्या सहलीचं नियोजन तिकिटापासून सुरू होत नाही. ते सुरू होतं या प्रश्नापासून: मागे घर कोण धरणार? दोघं जातात तेव्हा मागे एक तिसरी उभी असते. सासू असेल, जाऊ असेल, मोठी मुलगी असेल, शेजारीण असेल. तिला गृहीत धरू नका. तिला आधी विचारा. एका कागदावर सगळं लिहून द्या: औषधं, दूध, सिलिंडर, शिकवणीच्या वेळा. तो कागद नवऱ्यानं लिहावा. लिहिताना त्याला कळेल, घर कशाकशावर चालतं. एकदा कागद दिलात की फोन करून विचारू नका. तिला तिच्या पद्धतीनं करू द्या. डाळ थोडी पातळ होईल, होऊ द्या.

आणि महत्त्वाचं, परतफेडीची तारीख निघण्याआधीच ठरवा. नुसतं "तूही जा कधीतरी" म्हणू नका, कधीतरीला कॅलेंडरमध्ये जागा नसते. आम्ही भिंतीवरच्या कॅलेंडरवर दोघींच्या तारखांना एकाच दिवशी गोल केला होता. आणि जी मुलगी मागे घर सांभाळते, तिची परतफेड खाऊ देऊन उरकू नका. तिलाही दोन दिवस मैत्रिणींबरोबर जाऊ द्या.

सासूबाईंचं राहिलं होतं. सासरे नाहीत, त्यामुळे दोघांची सहल त्यांना आता मिळायची नाही. गेल्या माघी पौर्णिमेला, संध्याकाळी ओहोटी लागल्यावर, आम्ही दोघी त्यांना घेऊन किनाऱ्यावर गेलो. घरापासून पाच मिनिटं. सोबत चहाचा थर्मास आणि घावणे. घरी दोघे भाऊ पाहुण्यांना वाढत होते. सासूबाई ओल्या वाळूवर पाय पसरून बसल्या आणि म्हणाल्या की पाण्याकडे असं नुसतं बघत आपण कधी बसलो नव्हतो.

त्या ऐंशीला आल्या आहेत. तुम्ही एवढं थांबू नका. आज रात्री भांडी आवरली की कॅलेंडर खाली काढा आणि गोल कोणत्या दोन तारखांना करायचा ते ठरवा.