लहान खोली, छोटे स्पीकर

दहा बाय दहाच्या खोलीत गाणं ऐकायचं, तर बुकशेल्फ स्पीकर भरपूर झाले. नावावर जाऊन ते फडताळात मात्र कोंबू नका, आवाज घुमतो.

वूफर चार-पाच इंची पुरे. मोठा घेतला की पैसे जातात आणि लहान खोलीत डोकेदुखी वाढते. दहा फुटांवरच्या समोरासमोरच्या भिंतींमध्ये साधारण ५६ हर्ट्झचा सूर अडकतो. बेस गिटारची मोकळी ‘ए’ तार ५५ हर्ट्झची, म्हणजे नेमकी तिथलीच. हा सूर भिंतीपाशी अंगावर येतो आणि खोलीच्या मधोमध जवळपास नाहीसा होतो. म्हणून खुर्ची बरोबर मध्यावर नको. पेटीला मागे भोक असेल, तर ती भिंतीपासून निदान वीतभर पुढे ठेवा. तेवढी जागा नसेल, तर पुढे भोक असलेली किंवा बंद पेटी बघा.

बजेट तंग असेल, तर अ‍ॅम्प्लिफायर आतच असलेले ‘अ‍ॅक्टिव्ह’ स्पीकर घ्यावेत, असं माझं मत. पॅसिव्ह घेणाऱ्यांनी सेन्सिटिव्हिटी वाचावी. ८५ ऐवजी ८८ डेसिबल असेल, तर तेवढ्याच आवाजाला निम्मे वॅट लागतात. खोक्यावरचे ‘पीएमपीओ’चे हजारो वॅट? खुशाल विसरा.

दुकानात आपल्या ओळखीचंच रेकॉर्डिंग लावायला सांगा. तानपुऱ्याची जवारी सुटी ऐकू येते का? तबल्याची चाट टोचते का? घरी ट्वीटर कानाच्या उंचीला आणा, आणि दोन्ही स्पीकर नि तुम्ही, तिघांत सारखंच अंतर ठेवा. मग एक टाळी वाजवा. ती खणखणली, तर उरलेले पैसे जाड पडद्यांवर घाला.