वाणीचे यंत्र आणि वर्गातील मूल



माकुणसार, केळवे, सफाळे या पट्ट्यात वाडवळी, मांगेली, वारली अशा घरच्या बोली बोलणारी मुले एकाच शाळेत शिकतात. बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीकडे तर हिंदी भाषक कुटुंबांतील मुलेही त्यांच्या शेजारी बसतात. अशा वर्गात एखादे मूल 'पाणी' न म्हणता 'पानी' म्हणाले, तर ती त्याची बोली की वाणीतील दोष? उत्तर चुकले तर निरोगी मुलाची चेष्टा होते, किंवा उपचारयोग्य मुलाची मोलाची वर्षे वाया जातात.

उच्चाराचे भांडवल म्हणजे उच्छ्वास. फुप्फुसातून निघालेली हवा स्वरयंत्रातील दोन स्वरतंतूंमधून जाताना त्यांना कंप देते. गळ्यावर बोट ठेवून आधी 'स्स्स' व मग 'म्म्म' म्हणावे. दुसऱ्या वेळी बोटाला थरथर जाणवते. पुढे जीभ, टाळू, दात व ओठ त्या हवेला ठिकठिकाणी अडवितात. फळ्यावर रोज लिहिली जाणारी वर्णमाला हा या मुखाचा नकाशाच आहे: क-वर्ग जिभेच्या मागील भागाशी, च-वर्ग टाळूशी, ट-वर्ग जिभेचे टोक मागे वळवून, त-वर्ग दातांशी आणि प-वर्ग ओठांशी. मराठीची एक गंमत अशी की, 'चिंच' या शब्दातील पहिला च टाळूचा व दुसरा दातांजवळचा. लिपीत मात्र भेद नाही. परभाषक मूल तेथे अडते, आणि त्यात दोष मुळीच नाही.

मऊ टाळू वर उचलला जाऊन नाकाची वाट बंद करतो, म्हणूनच प, त, क स्पष्ट उमटतात. जन्मतः टाळू दुभंगलेला असल्यास हवा नाकात शिरते व बोलणे गेंगाणे होते. ही शस्त्रक्रिया साधारणतः वर्ष-दीड वर्षाच्या सुमारास करतात. टाळू शिवला म्हणजे काम संपले, असे मात्र नाही. जुनी सवय मोडण्यास वाणी-उपचार लागतात. मोठ्या माणसांत तंबाखू, सुपारी व गुटख्याने तोंड उघडेनासे होते. महाराष्ट्रात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे. अर्धांगाच्या झटक्याने तर जीभ शाबूत असूनही शब्द हरवतात. तेथे तासांचाही विलंब घातक ठरतो.

परंतु मुलाच्या बाबतीत पहिली शंका जिभेची नव्हे, कानाची घ्यावी. जे ऐकू येत नाही ते मूल बोलणार कसे? घरोघरी वेखंड उगाळून चाटविण्याची चाल आहे. त्याने बहिरेपण जात नाही. दोन वर्षांचे मूल दोन शब्द जोडून बोलत नसेल तर श्रवणतपासणी करावी. नवजात अर्भकाचीही ती करता येते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके 2013 पासून अंगणवाड्या व शाळांत तपासणी करतात. त्या दिवशी संशयित मूल गैरहजर राहणार नाही, एवढे पंचायत सदस्यांना सहज पाहता येईल. पुढील तपासणीसाठी वांद्रे येथे 1983 साली स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाचा व भाषा दिव्यांगत्वाचा स्वतंत्र उल्लेख आहे.

शिक्षकाने प्रथम घरची माणसे कशी बोलतात ते ऐकावे. आईबापही 'पानी'च म्हणत असतील तर ती बोली होय; उत्तर कोकणातील काही बोलींत ण चा न आणि ळ चा ल होतोच. 'र' हा वर्ण पुष्कळ मुलांना उशिरा, पाच-सहा वर्षांच्या सुमारास साधतो. घरात कोणी तसे बोलत नाही, वयही उलटले, तर मात्र तपासणी हवी.

तोतरेपणाची गोष्ट निराळी. तो बहुधा दोन ते पाच वर्षांच्या दरम्यान सुरू होतो, आणि अनेक मुलांत आपोआप ओसरतो. 'नीट बोल', 'सावकाश बोल' असे वारंवार बजावल्याने भीती वाढते. तेच मूल समूहवाचनात किंवा गाताना सहसा अडत नाही. हजेरीच्या वेळी 'हजर' हा एक शब्दही त्याला डोंगराएवढा वाटतो. त्याने हात वर केला तरी हजेरी लागते, आणि कविता प्रथम साऱ्या वर्गाबरोबर म्हणवून घेता येते.