लेखणी थांबू नये म्हणून



आजच्या व्याख्यानाचा विषय आपण कार्यक्रमपत्रिकेत वाचलाच असेल. ‘टर्मिनलमधला एडिटर रोजच्या कामाला जुळवून घेणे’ असा तो आहे. तो वाचून काही मंडळी घरीच राहिली असतील. जी आली आहेत त्यांतली काही उद्याचे कीर्तन आजच आहे असे समजून आली असतील. कसेही असो, आपण आलात हे आमचे भाग्य.

केळझरात बोलावयाचे म्हणजे टेकडीवरच्या सिद्धिविनायकाला नमस्कार करूनच आरंभ करावा. विदर्भाच्या अष्टविनायकांत ह्या गणपतीची गणना होते. हेच गाव महाभारतातली एकचक्रानगरी, भीमाने बकासुर मारला तो इथेच, अशी इथल्या लोकांची पिढ्यानुपिढ्यांची श्रद्धा आहे. आज आम्हाला बकासुराशी काम नाही, महाभारताचीच दुसरी एक गोष्ट हवी आहे. व्यासांनी सांगावे आणि गणपतीने लिहावे असे ठरले, तेव्हा गणपतीने अट घातली की माझी लेखणी मध्ये थांबता कामा नये. व्यासांनी उलट अट घातली की अर्थ समजल्यावाचून तू एक अक्षरही लिहू नयेस. ह्या दोन्ही अटी आमच्या वाट्याला कशा आल्या ते सांगतो.

आमची एक आत्या आहे. नव्वदीला टेकली आहे. दिवेलागणीनंतर ती जुन्या गोष्टी सांगत बसते: कापसातून घरीच हाताने सरकी काढीत तेव्हाच्या, बैलांच्या, वाटण्यांच्या, नागपूरच्या वाटेने जाणाऱ्या गाड्यांच्या. तिची बोली आता तिच्या नातवंडांच्याही तोंडी राहिलेली नाही. ती जशीच्या तशी उतरवून ठेवावी असे आमच्या मनाने घेतले. ध्वनिमुद्रण का केले नाही, असे कोणी विचारील. केले होते. पण यंत्र समोर ठेवले की आत्या पाहुण्यांशी बोलावे तशी पुस्तकी बोलू लागते. कागदावर लिहावे तर आमचा हात तिच्या तोंडाच्या मागे पडतो. राहिला संगणक. तोही कोणीतरी जुना म्हणून दिलेला. मोठे कार्यक्रम चालू केले की धापा टाकतो, आणि त्याची बॅटरी केव्हाच निकामी झालेली, म्हणजे भिंतीतली वीज असेल तोवरच चालणार. अशा यंत्रावर जे सुखाने चालते ते म्हणजे टर्मिनल: चित्रे नाहीत, खिडक्या नाहीत, नुसता अक्षरांचा पडदा. त्या पडद्यावर लिहिण्याची जी साधने आहेत त्यांना एडिटर म्हणतात. नॅनो नावाचा एक आहे. तो आपल्या आज्ञा पडद्याच्या तळाशी लिहूनच ठेवतो, म्हणून नवख्याने तिथून आरंभ करावा. ईमॅक्स हा दुसरा. त्याचा संसार मोठा आहे, आणि देवनागरी लिहिण्याच्या एकाहून अधिक पद्धती त्यात आधीपासून घातलेल्या आहेत. आमचा हात मात्र विमवर बसला, म्हणून बोलणे त्याच्याबद्दलच होणार.

विमचे आजोबा म्हणजे व्हीआय. अमेरिकेत बर्कले येथे बिल जॉय ह्या विद्यार्थ्याने १९७६ साली तो लिहिला. त्या काळी टर्मिनल घरी आणि संगणक दूर, आणि दोहोंच्या मध्ये टेलिफोनची तार. तीमधून सेकंदाला साधारण ३० अक्षरे येत. पडद्यावर २४ ओळी, प्रत्येक ओळीत ८० घरे, एकूण १,९२० अक्षरे. म्हणजे सगळा पडदा एकदा भरावयास मिनिटाहून जास्त वेळ. अशा स्थितीत दहा कळा दाबून जे होते ते दोन कळांत व्हावे, अशी माणसाची धडपड असणारच. म्हणून व्हीआयमध्ये एकच कळ दोन कामे करते. लिहिण्याच्या अवस्थेत ती अक्षर उमटवते. आज्ञेच्या अवस्थेत तीच कळ शब्द पुसते, ओळ हलवते, उडी मारते. जॉय ज्या एडीएम-३ए टर्मिनलवर काम करी, त्याला बाणांच्या वेगळ्या कळाच नव्हत्या. एच, जे, के, एल ह्या चार अक्षरांच्या कळांवरच बाण छापलेले होते. ते टर्मिनल आज संग्रहालयात गेले, पण व्हीआय आणि विम वापरणारे लोक डावीकडे, खाली, वर, उजवीकडे जाण्यास अजून त्याच चार कळा दाबतात. एका यंत्राची सोय ही अशी पन्नास वर्षे हातांची सवय होऊन बसते!

ब्राम मोलेनार ह्या डच गृहस्थाने व्हीआयच्या धर्तीवर विम लिहिला आणि १९९१ साली लोकांपुढे ठेवला. तो फुकट दिला. एवढेच सांगितले की आवडला तर युगांडातल्या किबाले येथील अनाथ मुलांसाठी काही द्या. मोलेनार २०२३ च्या ऑगस्टमध्ये वारले. अशा माणसाचे नाव सभेत घेतले गेलेच पाहिजे, म्हणून घेतले.

आता मराठीकडे येऊ. आपल्या लिपीला यंत्राने फार छळले आहे. छापखान्यातल्या जुळाऱ्यापुढे इंग्रजीचे खिळे दोन केसांत मावत. देवनागरीचे शेकडो खण हात लांब करकरून शोधावे लागत. मग लोकांनी विचार केला की यंत्र बदलत नाही तर अक्षरेच बदलू. आणि हा विचार फार दूरचा नव्हे, आपल्या जिल्ह्यातला आहे. १९३५ साली इंदूरच्या हिंदी साहित्य संमेलनात, गांधीजी अध्यक्ष असताना, काका कालेलकरांच्या नेतृत्वाखाली लिपिसुधारणेची समिती नेमली गेली. १९३६ साली वर्ध्यास राष्ट्रभाषा प्रचार समिती निघाली, आणि तिच्या पुस्तकांत ‘अ’ची बाराखडी आली: इ नाही तर ‘अि’, उ नाही तर ‘अु’. सावरकरांनीही ह्याच बाराखडीचा पुरस्कार केला होता. एरवी ज्यांची तोंडे दोन दिशांना, ती माणसे ह्या एका ‘अि’पाशी एकत्र आली, ही गंमत नव्हे काय? ज्यांच्या घरी त्या काळची पुस्तके असतील त्यांनी ती काढून पाहावीत. त्या माणसांचा हेतू थोर होता ह्याबद्दल आम्हाला शंका नाही. पण इ, ई, उ, ऊ, ए, ऐ ही अक्षरे बळी द्यावयाची कोणासाठी, तर खिळ्यांसाठी आणि टंकलेखनयंत्राच्या कळांसाठी! ती बाराखडी टिकली नाही, हे आमच्या मते बरेच झाले.

संगणकात ही लाचारी उरली नाही, निदान उरण्याचे कारण नाही. विम उघडताना घरच्या विमआरसी नावाच्या एका साध्या फाइलीतल्या ओळी वाचतो आणि त्याप्रमाणे वागतो. ती फाइल आपली आपण लिहावयाची असते. शिंप्याने मापे लिहून ठेवावीत तशी ती असते.

पहिले माप असे. मराठी टंकलेखनाचा इनस्क्रिप्ट नावाचा प्रमाण कळफलक आहे. १९९१ च्या भारतीय मानकात तो दिलेला आहे. स्वर बहुतेक डाव्या हाताला, व्यंजने बहुतेक उजव्या. कळफलक उत्तम आहे. परंतु संगणकाला एकदा मराठीत नेले की विमच्या आज्ञाही मराठी होतात, म्हणजे होत नाहीतच. त्या चार बाणांच्या कळांवर ‘प, र, क, त’ उमटू लागते, आणि विम गोंधळून घंटा वाजवतो. दर वाक्याला इंग्रजीत जा, पुन्हा मराठीत या, ह्यात आत्याची दोन वाक्ये निसटतात. ती विचारी, “थांबला काहून रे बापू? मी सांगतो अन् तू डब्याकडेच पायतं.” ह्याला विममध्येच उपाय आहे, त्याला कीमॅप म्हणतात. एका फाइलीत दोन स्तंभ लिहावयाचे: ह्या कळेला हे अक्षर. संगणक इंग्रजीतच राहतो. विम फक्त लिहिण्याच्या अवस्थेत मराठी होतो आणि आज्ञेच्या अवस्थेत आपोआप मूळ कळांवर येतो. इंग्रजी शब्द लिहावयाचा झाला तर कंट्रोल आणि ६ दाबावे. अशा शंभरएक ओळी आम्ही दोन संध्याकाळी बसून लिहिल्या.

आणि आपणच लिहावयाचे म्हटल्यावर आपल्या गरजेचे का घालू नये? ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द विदर्भात दिवसातून किती वेळा लिहावा लागतो! त्यातला ‘ऱ्य’ म्हणजे नुक्त्याचा ऱ, मग हलन्त, मग य, अशा तीन हालचाली. बरेच लोक कंटाळून ‘शेतकर्‍यांना’च्या जागी ‘शेतकर्यांना’ लिहून मोकळे होतात. आम्ही ‘ऱ्य’ एका कळेला दिला. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्र असे २००८ साली आले, म्हणजे १९९१ च्या मानकात ते असणे शक्यच नव्हते. त्यालाही एक रिकामी कळ दिली.

दुसरे माप खोडण्याचे. ‘कि’ लिहावयाचे आणि चुकून ‘की’ लिहिले, तर विम मागे येताना वेलांटीसकट आख्खा क पुसतो. व्यंजन आणि त्याची मात्रा त्याला एकच वस्तू वाटते. तसे वाटणे चूक नाही, पण ऱ्हस्वदीर्घाच्या चुका करणाऱ्या मराठी माणसाला ते जाचक होते. डेलकंबाइन नावाची एक ओळ फाइलीत घातली की नुसती मात्रा पुसली जाते आणि क जागेवर राहतो. ही ओळ आम्हाला फार उशिरा सापडली. तोवर किती क फुकट गेले त्याचा हिशेब नाही.

तिसरी गोष्ट जुळवून घेण्याची नव्हे, नुसती माहीत असण्याची. शब्दाची पहिली दोन अक्षरे लिहून कंट्रोल आणि एन दाबले की त्याच फाइलीत आधी आलेला शब्द विम पुरा करून देतो. आत्याचे शब्द कोणत्याच कोशात नाहीत, तेव्हा ते पहिल्यांदा जसे लिहिले तसेच प्रत्येक वेळी यावेत ह्याला ह्यासारखा उपाय नाही. रंग, ओळींचे आकडे, समासाची रुंदी ह्यांबद्दल बोलत नाही. ज्याने त्याने आपल्या डोळ्यांना विचारावे.

एक उणीव मात्र प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. टर्मिनलचा पडदा आलेखकागदासारखा चौकोनी घरांचा, आणि आपली अक्षरे चौकोनांत बसणारी नव्हेत. पहिली वेलांटी लिहिली जाते नंतर आणि दिसावी लागते आधी. जोडाक्षर दोन व्यंजनांचे, पण जागा कधी एका घराची, कधी दीडाची. काही टर्मिनलांत जोडाक्षरे फुटून दिसतात, कर्सर एकीकडे आणि अक्षर दुसरीकडे. लिनक्सच्या मूळ काळ्या पडद्यावर तर एका वेळी जास्तीत जास्त ५१२ अक्षराकृती मावतात, तिथे देवनागरीचा पाडच लागत नाही. एमएलटर्मसारखी टर्मिनले भारतीय लिपींची पुष्कळ बूज राखतात. आम्ही तसल्यावर लिहितो, आणि शेवटचे वाचन तीच फाइल दुसऱ्या कार्यक्रमात उघडून करतो. विमआरसीत कितीही ओळी घाला, हे दुखणे तिथे बरे होत नाही. ते टर्मिनल लिहिणाऱ्यांनीच बरे करावयाचे आहे.

आता व्यासांची अट. आमची फाइल वीस ओळींची होती तेव्हा आम्ही सुखी होतो. पुढे एका अनुभवी गृहस्थाची तीनशे ओळींची फाइल हाती आली. पडदा तिने सुरेख दिसू लागला, म्हणून सगळीच्या सगळी उतरवून घेतली. तीत ‘नो स्वॅपफाइल’ अशी एक ओळ होती. तिचा अर्थ आम्ही पाहिला नाही. विम आपण लिहीत असताना बाजूला एक गुप्त प्रत ठेवीत असतो. २०० अक्षरे लिहून झाली की, किंवा ४ सेकंद हात थांबला की, ती प्रत ताजी करतो. वीज गेली तरी त्या प्रतीवरून लेखन परत मिळते. ही प्रत ठेवू नकोस, असे ती ओळ सांगत होती. त्या गृहस्थांच्या जागी वीज जात नसेल, आणि जागोजाग पडलेल्या त्या प्रतींचा त्यांना कंटाळा आला असेल. त्यांच्या दृष्टीने ओळ बरोबरच होती.

वैशाखातली संध्याकाळ होती. आत्या रंगात आली होती. दोन तास ती बोलली आणि दोन तास आमची लेखणी थांबली नाही. मध्ये फाइल जतन करण्याचेही भान राहिले नाही, इतके सगळे हाताजोगे झाले होते. मग वळवाचे वादळ आले आणि दिवे गेले. वीज आल्यावर विमला परत विचारले, तेव्हा पडदा कोरा.

ती ओळ त्याच रात्री खोडली. नंतर उरलेल्या ओळी एकेक करून वाचल्या. ज्यांचा अर्थ लागला नाही त्या काढून टाकल्या. चाळीस उरल्या. आत्याला आठवड्याने पुन्हा विचारले. तिने सांगितले, पण निम्म्या वेळात सांगितले. पहिल्या खेपेस तिच्या माहेरच्या बैलजोडीची नावे आली होती, कोणत्या बैलाने कोणत्या नाल्यात गाडी कशी ओढून काढली हे आले होते. दुसऱ्या खेपेस ‘एक जोडी होती’ एवढ्यावर भागले. नावे विचारली तर म्हणाली, “सांगतलं ना तुले एक डाव!”

नावे आम्हाला आठवत नाहीत. लिहून घेणाऱ्याला ऐकलेले लक्षात राहत नाही, हा अनुभव इथल्या पुष्कळ विद्यार्थ्यांना असेल. त्या फाइलीत दोन नावांची जागा मोकळी ठेवली आहे, आणि एखाद्या संध्याकाळी आत्याच्या बोलण्यात ती ओघाने येतील म्हणून आम्ही रोज दिवेलागणीला तिच्याजवळ यंत्र उघडून बसतो.