रस्त्यावरचं गाव, बाजारातली माणसं

गावाचा इतिहास सांगायला उभा राहिलेला माणूस सहसा वेशीपासून सुरुवात करतो. मग देऊळ येतं, पाटलाचा वाडा येतो आणि तासाभराचं व्याख्यान पार पडतं. नेवासे तालुक्यातल्या घोडेगावाला हा साचा बसत नाही. (पुणे जिल्ह्यातलं, आंबेगाव तालुक्यातलं घोडेगाव निराळं.) नगरहून निघालं, इमामपूरचा घाट उतरला, पांढरीपुलावर भेळ खाल्ली की थोड्याच वेळात हे गाव लागतं. शनिशिंगणापूरला जाणारे इथूनच वळतात. गावाला घोडेश्वरी देवीचं ठाणं आहे, तरी परगावच्या माणसाच्या तोंडी घोडेगाव येतं ते फाटा म्हणून नाहीतर बाजार म्हणून. या नगर-औरंगाबाद रस्त्याच्या दोन्ही टोकांच्या शहरांची नावं अलीकडेच सरकारदरबारी बदलली. मधलं घोडेगाव आपल्या जुन्याच नावानं म्हशी विकत बसलं आहे.

हा पट्टा फौजांच्या पायाखालचा. ऑगस्ट १८०३मध्ये नगरचा किल्ला घेऊन इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली याच बाजूनं गोदावरीकडे सरकला आणि पुढच्याच महिन्यात असईची लढाई झाली. पुढे गोदावरीच्या अलीकडे इंग्रजांचं राज्य आलं, पलीकडे निजामाचं होतं, आणि निजामाची ही हद्द १९४८पर्यंत टिकली. म्हणजे घोडेगावचा माणूस टोक्याला नदी ओलांडून कायगावला गेला की दुसऱ्या राज्यात पोचायचा. लढायांच्या तारखा पुस्तकात आहेत. त्या फौजांना वैरण कुणी पुरवली आणि कुणाची ज्वारी उभी तुडवली गेली, ते मात्र कुठल्याच पुस्तकात नाही.

इथं थोडं आडवळण घेतो. घोडेगावच्या पुढे याच रस्त्यावर वडाळा बहिरोबा आहे. अमेरिकन मराठी मिशनचं हे जुनं ठाणं. सॅम्युअल बेकन फेअरबँक हा मिशनरी १८४६मध्ये मुंबईला उतरला आणि पुढे अनेक वर्षं वडाळ्यात राहिला. धर्मप्रचार हे त्याचं काम आणि पक्षी हा त्याचा नाद. १८७६मध्ये ‘स्ट्रे फेदर्स’ या नियतकालिकात त्यानं सह्याद्रीतल्या पक्ष्यांची यादी छापली. दक्षिणेतल्या पळणीच्या डोंगरातल्या एका पक्ष्याच्या शास्त्रीय नावात आजही ‘फेअरबँकी’ आहे. त्याचं कॉलेजशिक्षण झालं अमेरिकेच्या इलिनॉय राज्यातल्या जॅक्सनव्हिल गावी. मक्याच्या शेतांचा तो सपाट मुलूख, वसूनही तेव्हा फार काळ लोटला नव्हता.

आडवळण घेतलं ते १८७६ या सालासाठी. अमेरिकेच्या स्वातंत्र्याला त्या वर्षी शंभर वर्षं झाली. प्रत्येक तालुक्या-जिल्ह्यानं आपापला इतिहास लिहून काढावा, असं आवाहन तिथल्या सरकारनं केलं होतं. त्या सुमारास इलिनॉयसारख्या राज्यांत जाडजूड स्थानिक इतिहास निघू लागले. वर्गणी भरून ते विकत घेतले जात. पहिलं खोपट कुणी घातलं, पहिली गिरणी कुणाची, पहिला शिक्षक कोण, सगळं नावानिशी. वर्गणीदाराचं कौतुक जरा सैल हातानं व्हायचं, हेही खरं. आणि त्या जमिनीवर आधी राहणाऱ्या, हुसकावलेल्या लोकांची बोळवण चार ओळींत व्हायची.

त्याच साली आपल्याकडे पाऊस पडला नाही. १८७६ ते ७८चा दुष्काळ नगर जिल्ह्यानं सोसला. दौंड-मनमाड लोहमार्गावर दुष्काळी कामं निघाली आणि १८७८मध्ये गाडी सुरू झाली. ती वांबोरी-राहुरीवरून गेली, म्हणजे घोडेगावच्या पश्चिमेनं. स्टेशन मिळालेल्या गावांचं नशीब निराळं झालं. घोडेगाव बैलगाडीच्या वाटेवरच राहिलं. माझ्या मते तिथला बाजार टिकला यात या हुकलेल्या रेल्वेचाही वाटा आहे, कारण जनावरं आणायची ती पायी, रस्त्यानं. १८८४मध्ये नगर जिल्ह्याचं गॅझेटियर निघालं. त्यात पिकं आहेत, जाती आहेत, सारा आहे, पण खेड्यातला माणूस नावानं भेटत नाही.

मग नावं कुठं आहेत? एक जागा म्हणजे कोतवाल बुक, गावच्या जन्ममृत्यूची जुनी नोंदवही. कुणबी नोंदींच्या शोधात ही बुकं अलीकडे ठिकठिकाणी बाहेर निघाली आणि मोडी वाचणाऱ्याला एकदम मान आला. जमीनवाल्याचं नाव सातबाऱ्यावर, फेरफारात सापडतं. ज्याला जमीन नव्हती, त्याचं नाव बहुधा जन्मताना आणि मरताना, असं दोनदाच लिहिलं गेलं.

त्याला भेटायचं तर शुक्रवारी बाजारात जावं. मुऱ्हा, जाफराबादी म्हशी ओळीनं बांधलेल्या असतात. गिऱ्हाईक आधी दात बघतं, मग कास, मग सड दाबून बघतं. कितव्या वेताची, गाभण किती महिन्यांची, खाली पारडी आहे की रेडा, हे विचारून होईस्तोवर हेडी, म्हणजे दलाल, मध्ये पडतो. दोन हात रुमालाखाली जातात, बोटं दाबली जातात. शेजारी उभ्या असलेल्याला आकडा कळत नाही, फक्त चेहरे दिसतात. ठरलं की इसार. बाजूला दावी, म्होरक्या, घुंगरमाळा विकणारे बसलेले असतात. ट्रॅक्टर आला तसे बैल कमी झाले. २०१५च्या कायद्यानं बैलांच्या कत्तलीवरही बंदी आली आणि म्हाताऱ्या बैलाला गिऱ्हाईक उरलं नाही. म्हशीवर तशी सरसकट बंदी नाही. २०२२च्या पावसाळ्यात लम्पी आला आणि राज्यभर गुरांचे बाजार बंद पडले, तेव्हा हेड्यापासून चहावाल्यापर्यंत किती जणांची चूल या दाव्याला बांधलेली आहे ते कळलं.

दुसरी गर्दी कांद्याची. नेवासे बाजार समितीच्या इथल्या उपबाजारात कांदा गोण्यांतून येतो. गोणी फोडून ओंजळभर कांदा खाली ओतला की एक नंबर, दोन नंबर, गोल्टी असा भाव फुटतो. डिसेंबर २०२३मध्ये दिल्लीनं निर्यातबंदी घातली, ती मे २०२४मध्ये उठली. मधले पाच महिने शेतकऱ्यांच्या घरात लग्नाचा विषय निघाला की आधी कांद्याचा भाव विचारला जायचा. जिल्ह्याच्या पुढाऱ्यांवर ग्रंथ आहेत, कारखान्यांच्या स्मरणिका आहेत. हमाल, मापाडी, गोण्या शिवणाऱ्या बाया यांच्यावर एक पान मिळणं मुश्कील.

आता बाजारात मोबाइल घेतलेली पोरं हिंडतात. म्हशीपुढे उभं राहून वेत, दूध, किंमत विचारतात आणि रात्रीपर्यंत व्हिडिओ टाकतात. विकणाऱ्याचा चेहरा, गाव, बोलण्याची ढब, खोटं बोलतानाचं हसू, सगळं त्यात आपोआप येतं. आकडा तेवढा कुणी खरा सांगत नाही. तो अजून रुमालाखालीच आहे.