ताब्याच्या वेळचं जादा बिल

फ्लॅटचा ताबा मिळायच्या तोंडावर बिल्डरचं पत्र येतं: क्षेत्रफळ वाढलंय, जादा पैसे भरा, मग किल्ली. अशा वेळी फोनवर भांडू नका. नोंदणीकृत करारनामा काढून बसा. किंमत ठरते ती चटई क्षेत्रावर. महारेराच्या, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाच्या, नमुना करारनाम्यात या क्षेत्रात 3 टक्क्यांपर्यंतच फरक धरला आहे, तोही भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यावर मोजून. वाढीव जागेचा दर करारातलाच. म्हणून मोजमाप लेखी मागा. जमल्यास आपल्या आर्किटेक्टकडून फ्लॅट मोजून घ्या. जागा कमी भरली, तर पैसे तुम्हाला परत मिळायला हवेत. हे मात्र त्या पत्रात सहसा नसतं!

‘इतर खर्च’ अशा मोघम रकमांचा तपशील मागा. ज्या हप्त्याबद्दल वाद नाही, तो थांबवू नका. उशिराचं व्याज लागतं. वादातली रक्कम भरावीच लागली, तर हक्क राखून भरतो आहोत, असं लेखी कळवा. रोख देऊ नका.

तरीही अडलंच, तर 2016 च्या रेरा कायद्याच्या कलम 31 नुसार महारेराकडे ऑनलाइन तक्रार करता येते. वकील लावलाच पाहिजे, असं नाही.